खराब झालेल्या सीडी-डीव्हीडींमधील खडी गंमतीची चित्रणे कशी परत मिळवावीत?

सक्करदरावासी

नमस्कार. माझ्या मामांनी २००३ ते २००८ या काळात भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील गावांमध्ये, मुख्यतः दिवाळीनंतरच्या मंडईच्या (गावजत्रेच्या) दिवसांत, खडी गंमत या तिकडच्या लोकनाट्याचे प्रयोग चित्रित केले होते आणि शाहिरांच्या तोंडून ऐकलेली गाणी संगणकावर टंकून ठेवली होती. त्यांतले काही शाहीर आज हयात नाहीत, आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे यांतल्या बऱ्याच गाण्यांची दुसरी नोंद कुठेही नाही. हे सारे साहित्य सीडी आणि डीव्हीडींवर असून नागपुरात मामांच्या घरी, माडीवरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात इतकी वर्षे पडून होते. आता ते माझ्याकडे आले आहे.

डिस्कची अवस्था सारखी नाही. गाण्यांच्या वर्ड फाइली आणि छायाचित्रे असलेली एक सीडी-आर संगणकावर उघडते, फोल्डरही दिसतात, पण कॉपी करताना मध्येच 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा (माहिती नीट वाचता न आल्याचा) संदेश येऊन काम थांबते. प्रयोगांच्या व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) आहेत. त्यांपैकी एक प्लेअरमध्ये अर्ध्याहून थोडी पुढे जाते आणि तिथेच अडकते. एका सीडीच्या मधल्या छिद्रापासून केसासारखी बारीक चीर निघाली आहे. आणखी एकीवर छापील कागदी लेबल चिकटवलेले होते, ते एका बाजूने सुटून वर आले आहे. शेवटी, हँडीकॅममधल्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडी आहेत. त्या संगणकात घातल्या की डिस्क कोरी असल्याचे दिसते, मात्र त्या कोऱ्या नाहीत हे मामांना पक्के आठवते.

बर्डीवरच्या एका दुकानात दाखवल्या असता त्यांनी 'यातून काही निघणार नाही' असे सांगून परत दिल्या. शेजारच्यांनी टूथपेस्ट लावून घासायला सुचवले आहे, पण कुणाचा तरी अनुभवी सल्ला मिळेपर्यंत मी डिस्कला हात लावलेला नाही. सुरुवात कुठून करावी?

तबकडी

तुम्ही हात लावला नाहीत हे फार चांगले झाले. अशा कामात कोणती गोष्ट आधी करायची आणि कोणती नंतर, यावरच किती माहिती हाती लागेल हे ठरते. जे आज वाचता येते त्याची प्रत आधी काढायची, घासणे-पुसणे त्यानंतर. टूथपेस्ट म्हणजे बारीक अपघर्षक. ते पृष्ठभागाचा थर खरवडून काढते. कधी त्याचा उपयोग होतो, कधी चांगला वाचला जाणारा भागही त्यामुळे धूसर होतो, आणि झालेली झीज भरून निघत नाही.

सर्वप्रथम प्रत्येक डिस्क ट्यूबलाइटसमोर धरून पाहावी. सीडीमध्ये १.२ मिलिमीटर जाडीचे पॉलिकार्बोनेट असते, आणि माहिती व परावर्तक थर हे दोन्ही छापील बाजूला, पातळ लॅकरच्या (संरक्षक लेपाच्या) अगदी खाली असतात. त्यामुळे आपण ज्या चकचकीत बाजूला जपतो तिच्यापेक्षा छापील बाजूचा ओरखडा सीडीला जास्त घातक ठरतो. उजेडात सुईच्या टोकाएवढे ठिपके आरपार दिसले, तर तिथला परावर्तक थर निघालेला आहे आणि तिथली माहिती कोणत्याही उपायाने परत येणार नाही. डीव्हीडीची रचना वेगळी आहे, ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती त्यांच्या मधोमध असते. तिला वरच्या ओरखड्याची तितकीशी भीती नसते, पण कडेने ओल शिरून चकत्या सुटू लागल्या तर ती बाहेरच्या कडेपासून निकामी होत जाते.

चकचकीत बाजूचे ओरखडे बऱ्याचदा दिसतात तितके वाईट नसतात. लेसरचा ठिपका सीडीच्या पृष्ठभागावर सुमारे ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि आत माहितीच्या थरावर पोहोचेपर्यंत तो दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक होतो. म्हणून पृष्ठभागावरची धूळ किंवा हलकी रेघ त्याला नीटशी दिसतच नाही. शिवाय सीडीवरची माहिती सलग न लिहिता विखरून लिहिलेली असते आणि तिच्यासोबत चूक दुरुस्त करणारे जादा आकडे असतात, त्यामुळे ट्रॅकच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग तुकडा गेला तरी तो पूर्ण भरून काढता येतो. म्हणूनच मध्यापासून कडेकडे जाणारी रेघ सहसा निभावते, पण ट्रॅकच्या बरोबरीने गोलाकार गेलेली रेघ लहान असली तरी डिस्कला अडवते. पुसतानाही हेच लक्षात ठेवावे: मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचा कपडा, स्वच्छ पाण्यात सौम्य द्रव साबणाचा थेंब, आणि हात कायम मध्यापासून सरळ कडेकडे. तेलकट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य यांनी पॉलिकार्बोनेट खराब होते, ते जवळही आणू नये.

तुमच्या सीडी-आरबद्दल माझा अंदाज वेगळा आहे. घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये कारखान्यातल्या डिस्कसारखे दाबून उठवलेले खळगे नसतात. रंगद्रव्याच्या थरावर लेसरने खुणा केलेल्या असतात, आणि हे रंगद्रव्य उष्णता, ओल व प्रकाश यांनी हळूहळू बिघडते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडींच्या जपणुकीविषयी मार्गदर्शिका काढली, तिच्यात साठवणुकीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, गच्चीखालची खोली रात्रीही निवत नाही, आणि त्याच खोलीत खिडकीला कूलर लावला असेल तर तापलेल्या कपाटात दमट हवा खेळत राहते. माडीवरच्या त्या खोलीत कूलर होता का, हे मामांना जरूर विचारा. रंगद्रव्य फिके पडले असेल तर पृष्ठभाग कितीही घासून काही साध्य होणार नाही. अशा वेळी वाचणारा ड्राइव्ह बदलणे आणि वेग कमी करणे हाच उपाय उरतो.

आता प्रत्यक्ष कृती. विंडोजमध्ये फाइली ओढून कॉपी करू नका, कारण पहिली अडचण येताच विंडोज पुढचे सगळे सोडून देते. लिनक्सवरचा जीएनयू डीडीरेस्क्यू हा विनामूल्य प्रोग्राम वापरा; पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले तरी चालते. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतो, अडलेल्या जागा ओलांडून पुढे जातो, आणि कोणते सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) मिळाले व कोणते राहिले याची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवतो. डेटा सीडीसाठी सेक्टरचा आकार २०४८ बाइट द्यावा आणि पहिल्या फेरीत अडलेल्या जागा खरडून वाचण्याचा टप्पा (स्क्रेपिंग) बंद ठेवावा. राहिलेल्या जागांसाठी दुसऱ्या फेरीत थेट वाचन चालू करून दोन-तीन वेळा प्रयत्न करायला सांगावे. त्यानंतर तीच मॅपफाइल घेऊन तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालावी. एका ड्राइव्हला न वाचता आलेले सेक्टर दुसरा ड्राइव्ह सहज वाचतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. लॅपटॉपला यूएसबीने जोडायच्या पातळ ड्राइव्हपेक्षा जुन्या डेस्कटॉपमधला पूर्ण आकाराचा डीव्हीडी रायटर अधिक भरवशाचा. जुना संगणक भंगारात काढणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून असे एक-दोन रायटर मिळवून ठेवा.

चीर गेलेल्या सीडीबाबत मात्र घाई करू नका. ५२एक्स वेगाने डिस्क मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, आणि मध्याला चीर असलेली डिस्क त्या वेगात ड्राइव्हच्या आतच फुटून तिचे तुकडे उडू शकतात. चीर कुठपर्यंत आली आहे ते पट्टीने मोजा. छिद्राचा व्यास १५ मिलिमीटर असतो आणि माहितीचा भाग ५० मिलिमीटर व्यासापासून पुढे सुरू होतो, त्याच्या थोडे आधी ४६ मिलिमीटरपासून डिस्कची अनुक्रमणिका असते. चीर आतल्या पारदर्शक कड्यातच असेल तर सगळी माहिती शाबूत आहे असे समजावे, आणि ड्राइव्हचा वेग सर्वांत कमी ठेवून एकाच बैठकीत तिची प्रत काढावी. डिस्क डब्यातून काढताना मधली खुंटी दाबून सोडवावी. कडेला धरून ओढल्यामुळेच अशा चिरा पडतात.

लेबल ओढून काढू नका. कागदासोबत लॅकर आणि परावर्तक थर दोन्ही निघून येतात आणि हातात पारदर्शक प्लास्टिक उरते. सुटलेला कागद कात्रीने हळूच कापून टाका, चिकटलेला तसाच राहू द्या, आणि हीसुद्धा मंद वेगावरच वाचा.

वैनगंगाकाठ

वरील सल्ला डेटा सीडीसाठी अगदी योग्य आहे, परंतु व्हीसीडीच्या बाबतीत आपण तो तसाच वापरलात तर चांगली डिस्कही पूर्ण बिघडलेली आहे असे वाटेल, म्हणून हा खुलासा करतो.

डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चूक दुरुस्तीची आणखी एक पातळी असते. व्हीसीडीवरचे चित्रण ज्या प्रकारच्या सेक्टरमध्ये असते, त्यात ही जादा पातळी काढून टाकून ती जागाही चित्रासाठी वापरलेली असते; तिथे एका सेक्टरमध्ये २३२४ बाइट बसतात. २०४८ बाइटच्या हिशेबाने वाचू पाहणाऱ्या डीडीरेस्क्यूला हे सेक्टर मिळतच नाहीत आणि तो चित्रणाच्या जवळजवळ संपूर्ण ट्रॅकवर चुका दाखवतो. व्हीसीडीसाठी विंडोजवरचा आयसोबस्टर हा प्रोग्राम किंवा लिनक्सवरील व्हीसीडीइमेजर संचातला व्हीसीडीएक्सरिप वापरावा. आयसोबस्टर न वाचलेल्या सेक्टरपाशी थांबून काय करायचे ते विचारतो, तिथे शून्ये भरून पुढे जाण्याचा पर्याय निवडावा.

चित्रणात हे खपून जाते. साध्या वेगाने सीडीवरून सेकंदाला ७५ सेक्टर वाचले जातात, त्यामुळे एखाददुसरा सेक्टर गेला तर चित्र क्षणभर चौकोनांत फुटते आणि पुढची पूर्ण फ्रेम येताच, म्हणजे साधारण अर्ध्या सेकंदात, पुन्हा सावरते. प्लेअर मात्र त्याच जागेवर अडकून बसतो. दुकानातल्यांनी बहुधा प्लेअर किंवा साधी कॉपी एवढेच करून पाहिले असावे. मिळालेली डॅट फाइल एफएफएमपेग या प्रोग्रामने पुन्हा एन्कोड न करता, केवळ आवरण बदलून एमपीजी करावी. ३५२ बाय २८८ च्या या चित्राचा दर्जा आधीच बेताचा आहे, त्याला आणखी एकदा दाबून तो घालवू नये. सुधारित, उजळ केलेली प्रत हवीच असेल तर ती वेगळी करावी आणि मूळ फाइलीला धक्का लावू नये.

एक विनंती. तिरोड्याच्या किंवा आमगावच्या बाजूचे प्रयोग यात असतील, तर फाइलींना नावे देताना गाव, मंडळ आणि शाहिरांचे नाव मामांना विचारून लगेच लिहून घ्यावे. चित्रण वाचले आणि कोण गातो आहे हेच कळले नाही, तर अभ्यासाला त्याचा उपयोग अर्ध्यावर येतो.

धंतोलीकर

छोट्या डीव्हीडींबद्दल लिहितो. त्या कोऱ्या नाहीत, हे मामांचे म्हणणे बरोबर असणार. हँडीकॅमवर चित्रण केल्यानंतर डिस्क 'फायनलाइज' करावी लागते. त्या वेळी सुरुवातीचा व शेवटचा भाग आणि चित्रणांची अनुक्रमणिका लिहिली जाते. ते राहून गेले तर संगणकाला आत काय आहे याचा पत्ता लागत नाही आणि तो डिस्क कोरी असल्याचे सांगतो. खालची बाजू तिरपी धरून उजेडात पाहा: लिहिलेला भाग आतल्या बाजूने एका वेगळ्या छटेच्या पट्ट्यासारखा दिसतो. पट्टा कुठे संपतो त्यावरून किती चित्रण आहे याचाही अंदाज येतो. या १.४ जीबीच्या डिस्कवर मध्यम दर्जाचे चित्रण साधारण अर्धा तास बसते.

मूळ कॅमेरा चालू असेल तर डिस्क त्यात घालून ऑडिओ-व्हिडिओ केबलने चित्रण संगणकावर उतरवून घ्यावे. फायनलाइज करण्याचा मोह मात्र लगेच होऊ देऊ नका, कारण ती क्रिया डिस्कवर नवे काही लिहिते, आणि जुन्या, अशक्त झालेल्या डिस्कवर ते लिखाण मध्येच फसले तर पुढचे काम अधिक अवघड होते. कॅमेरा नसेल तर आयसोबस्टर अशा डिस्क तपासून आतले व्हिडिओचे तुकडे शोधून देतो. त्यासाठी डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्ह हवा, केवळ वाचणारा नको. डिस्क ट्रेच्या आतल्या लहान गोलातच ठेवावी. ज्या ड्राइव्हला ट्रे नसून फटीतून डिस्क सरकवावी लागते, त्यात ८ सेंटिमीटरची डिस्क कधीही घालू नये; ती अडकते आणि ड्राइव्ह उघडून काढावी लागते.

सक्करदरावासी

आपणा तिघांचेही मनापासून आभार. कूलरचा अंदाज बरोबर निघाला: कपाट खिडकीच्या कूलरला लागूनच होते.

सीडी-आर जुन्या डेस्कटॉपच्या रायटरमध्ये डीडीरेस्क्यूने वाचली, मग तीच मॅपफाइल घेऊन दुसऱ्या रायटरमध्ये घातली. पहिल्याने सोडलेल्या जागांपैकी बहुतेक दुसऱ्याने भरल्या. अजून काही सेक्टर राहिले आहेत. चीर असलेल्या सीडीची चीर मोजली, ती आतल्या कड्यातच थांबली आहे. मंद वेगावर तिची संपूर्ण प्रत एकदाच निघाली. अडकणारी व्हीसीडी आयसोबस्टरने शेवटपर्यंत उतरली. ज्या ठिकाणी प्लेअर थांबत असे, तिथे गण संपून नाच्या पुढे येतो. चित्र काही क्षण फुटते, ढोलकी आणि डफ मात्र त्या काळातही ऐकू येतात आणि गाण्याची ओळ तुटत नाही. मामांनी ती ओळ ऐकल्याबरोबर पुढची म्हणून दाखवली. गावांची आणि शाहिरांची नावे त्यांच्याकडून लिहून घेणे सुरू केले आहे.

दोन प्रश्न उरले आहेत. राहिलेले सेक्टर नेमक्या कोणत्या फाइलींमध्ये आहेत हे कसे कळेल? आणि वर्ड फाइली उघडतात, पण गाण्यांच्या जागी इंग्रजी अक्षरे व चिन्हे दिसतात; त्या फाइली खराब झाल्या असे समजावे का?

धंतोलीकर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही, त्या बहुधा शाबूत आहेत. त्या काळी मराठी टंकलेखन श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम अशा संचांच्या फॉन्टमध्ये होत असे. फाइलीत इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवले जात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देई. तो फॉन्ट संगणकात नसला की जे दिसते तेच आपल्याला दिसते आहे. अक्षरे निवडून वर्डमध्ये फॉन्टचे नाव पाहा, तो फॉन्ट मामांच्या जुन्या संगणकावर किंवा याच डिस्कवर आहे का ते शोधा, आणि त्यानंतरच त्या विशिष्ट फॉन्टसाठीच्या परिवर्तकाने युनिकोडमध्ये रूपांतर करा. रूपांतरात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे हमखास चुकतात. खडी गंमतीच्या गाण्यांत झाडीबोलीचे (त्या भागातल्या बोलीचे) शब्द असणार, ते शुद्धलेखन तपासनिसाच्या हवाली न करता मामांसमोर बसून वाचून घ्यावेत.

तबकडी

पहिल्या प्रश्नाबाबत. डीडीरेस्क्यूमध्ये न मिळालेल्या जागा ठरावीक मजकुराने भरण्याची सोय आहे. काढलेल्या इमेजची (म्हणजे संपूर्ण डिस्कच्या एका फाइलीतल्या प्रतीची) एक जादा प्रत करून तिच्यात, मॅपफाइलच्या आधारे, त्या जागी कुठेही सहज आढळणार नाही असा एखादा शब्द भरा. मग ती इमेज माउंट करून, म्हणजे डिस्कसारखी उघडून, सगळ्या फाइलींमध्ये तो शब्द शोधा. ज्या फाइलींत तो सापडेल त्याच अपुऱ्या आहेत, बाकीच्या निर्धास्तपणे वापरा. छायाचित्रांत अशी फट असेल तर चित्राचा वरचा भाग नीट दिसून खालचा करडा झालेला असतो. वर्ड फाइलीत फट असेल तर ती उघडली नाही तरी आतला मजकूर बऱ्याचदा वेगळा काढता येतो, म्हणून अशी फाइल टाकून देऊ नका.

आणखी एक तपासा. ही सीडी मामांनी एकाच वेळी राइट केली की थोडी थोडी भरत नेली? थोडी थोडी भरली असेल तर तिच्यात अनेक सेशन (वेगवेगळ्या वेळी लिहिलेले भाग) असतील, आणि संगणक केवळ शेवटच्या सेशनची अनुक्रमणिका दाखवत असेल. आधीच्या सेशनमधल्या फाइली त्या यादीत घेतल्या गेल्या नसतील तर त्या डिस्कवर असूनही दिसत नाहीत. आयसोबस्टर सगळी सेशने वेगवेगळी दाखवतो, त्यामुळे एकदा त्यात उघडून पाहणे आवश्यक आहे.

टूथपेस्ट किंवा पॉलिश यांची गरज मला तुमच्या एकाही डिस्कसाठी दिसत नाही. मिळालेल्या इमेज दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यांपैकी एक घराबाहेर, नातेवाइकांकडे असू द्या. प्रत्येक इमेजसोबत तिची मॅपफाइलही जपून ठेवा. मामांनी या सीडींच्या प्रती त्या वेळी मंडळांना किंवा शाहिरांच्या घरी दिल्या असतील, तर त्या मिळतात का ते विचारा: एकाच इमेजवरून राइट केलेल्या दोन डिस्क एकाच जागी खराब होणे विरळा, आणि दुसरी प्रत हाती आली की याच मॅपफाइलवरून फक्त राहिलेले सेक्टर तिच्यातून वाचून घेता येतील.

सक्करदरावासी

सीडी थोडी थोडी भरत नेली होती, असे मामा सांगतात. आज रात्री आयसोबस्टरमध्ये सगळी सेशने पाहतो. तिरोड्याजवळच्या एका शाहिरांच्या मुलाकडे प्रत दिल्याचे त्यांना आठवते, त्यांना फोन केला आहे. हँडीकॅम सापडला असून चार्जर मिळायचा आहे.